डावीकडचं शून्य

माझ्या नवऱ्याला माझ्या बहुतेक खोड्या ठाऊक आहेत. आईला तर मी सांगायच्या आधीच कळतात. पण ही गोष्ट दोघांनाही माहीत नाही — आणि ज्यांना ती सर्वांत आधी सांगायला हवी होती, त्यांनाही मी सांगितली नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही उद्या दासगावच्या स्टॉपवर माझ्या शेजारी उभे राहणार नाही, एवढंच कारण असेल. दुसरं सुचत नाही.

गोष्ट एका शून्याची आहे. हसू नका. पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही हसलेच होते, आणि ते हसणंही मला कबूल करायचं आहे — पण ते पुढे येईल.

आधी एक विचारते. टेलिफोनचा नंबर हा आकडा आहे का? तुम्ही कधी दोन फोन नंबरांची बेरीज केली आहे? आपला नंबर शेजाऱ्याच्या नंबरापेक्षा कितीने मोठा, हे वजाबाकी करून पाहिलंय? नाही ना? मग तो आकडा कसला! ते नाव आहे — आकड्यांनी लिहिलेलं नाव. हे आज मी ऐटीत सांगतेय. एकविसाव्या वर्षी मला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर — पण नको. 'असतं तर' म्हटलं की माणूस हळूच सुटायची वाट शोधायला लागतो.

महाडच्या बाजारपेठेत तेव्हा एका कापडदुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास होता. माडीवर, कारण पावसाळ्यात सावित्रीचं पाणी खाली कधी शिरेल याचा नेम नाही. तीन मशीनं, एक कर्कश प्रिंटर आणि सर. मी तिथेच शिकले आणि तिथेच चिकटले. सकाळी मुलींना शिकवायचं, दुपारी बाहेरची कामं — पत्रिका, अर्ज, याद्या. फॉक्सप्रो म्हणून एक प्रोग्राम होता. त्यात माहिती रकान्यांमध्ये भरून ठेवायची आणि मग एक ओळ लिहून हवं ते मागायचं: अमुक गावची माणसं दे, नावाप्रमाणे लावून दे. आणि तो द्यायचा हो! डोळ्याचं पातं लवायच्या आत. मला त्याचं वेड लागलं होतं. एस.टी.त खिडकीशी बसलं तरी मनात त्या ओळी जुळवत असायची. बाजूची बाई काय बोलतेय याकडे लक्ष नाही, आणि आई म्हणायची, हिला काही बाहेरची बाधा झाली की काय!

मोबाईल यायच्या आधीचे दिवस ते. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत फोन नुकते पोचले होते. पोचले म्हणजे तीन-चार वाड्यांत मिळून एक, तोही खाली रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी दुकानात. मुंबईहून फोन आला की दुकानदार निरोप ऐकणार, आणि वर जाणारं जे माणूस दिसेल त्याच्याकडे तो देणार. पी.पी. नंबर म्हणायचे त्याला. घर आपलं, नंबर दुसऱ्याचा. आजच्या मुलांना सांगितलं तर पटत नाही, पण अख्ख्या डोंगराचं सुखदुःख अशा दुकानांतून वर चढायचं.

तर मुंबईत आमच्या भागातल्या लोकांचं एक मंडळ होतं. कुठल्या वाडीचा निरोप कुठल्या नंबरवर ठेवायचा, याची एक पुस्तिका काढायचं त्यांनी ठरवलं. मंडळाचे सेक्रेटरी ते काम घेऊन सरांकडे आले, आणि सरांनी ते माझ्या पुढ्यात ठेवलं.

नंबर गोळा केले गणूकाकांनी. काका पोलादपूरजवळच्या एका गावचे, निवृत्त पोस्टमन. आंबेनळी घाटाच्या आसपासच्या वाड्या तीस वर्षं त्यांनी पायाखाली घातलेल्या. नुसती पत्रं टाकून निघून जाणारे पोस्टमन नव्हेत ते. वाडीत पत्र वाचून दाखवायचं, उत्तर लिहून घ्यायचं, पुढच्या फेरीला टपालात टाकायचं. सुना सासरचं गाऱ्हाणं माहेरी कळवायच्या ते काकांच्या अक्षरात. निवृत्त झाल्यावरही लोक डोंगर उतरून त्यांच्या ओसरीवर यायचे — हा अर्ज बघा, हे पत्र वाचा. "तीस वर्षांत एक टपाल इकडचं तिकडं नाय झालं माझ्या हातनं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका भेटीत दोनदा तरी ऐकायला मिळायचं. मी आणि क्लासमधल्या मुली त्यावरून एकमेकींना कोपर मारायचो.

दोन महिने ते फिरले. पाचाडकडची गावं त्यांनी बहिणीकडे मुक्काम करून केली, बाकीची पायी आणि मिळेल त्या गाडीने. तोंडी सांगितलेला नंबर घ्यायचे नाहीत. "बिल दाखव," म्हणायचे. बिल बघून, बोट ठेवून, एका लांबड्या वहीत मराठी आकड्यांत लिहायचे. वही मला दिली तेव्हा म्हणाले, "शून्य बघ माझं. पुरतं गोल हाय. अर्धवट शून्य काढायचं नाय, कुणाचंतरी पत्र भलतीकडं जातं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, काय हा म्हातारा, शून्याचं कौतुक करतोय!

आता ते शून्य माझ्याकडे आल्यावर त्याचं काय झालं, ते सांगते. अवघड नाही, दोन मिनिटांत समजेल.

नंबर पाच आकडी. पहिले दोन आकडे एक्स्चेंजचे, पुढचे तीन त्या दुकानाचे. सेक्रेटरींना यादी एक्स्चेंजप्रमाणे हवी होती, म्हणून मी दोन रकाने केले — एकात पहिले दोन आकडे, दुसऱ्यात पुढचे तीन. रकाना करताना प्रोग्राम विचारतो, यात काय भरणार? अक्षरं की आकडे? मी म्हटलं, आकडे. दुसरं काय म्हणणार? आणि इथेच माशी शिंकली. कारण आकडा म्हटला की डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे तर आपण दुसरीत शिकतो. मी ०४५ भरलं की तो ४५ ठेवणार. काही गमावलं असं त्याला वाटत नाही. त्याच्या दृष्टीने काही गमावलेलंच नाही.

मग छापायची वेळ आली. दोन रकान्यांतले आकडे एकमेकांना चिकटवायचे. पण आकडे चिकटवता येत नाहीत, त्यांची बेरीज होते. चिकटवता येतात ती अक्षरं. म्हणून मागणीच्या ओळीतच आकड्याचं अक्षर करून घ्यायचं, त्याच्या पुढेमागे येणाऱ्या रिकाम्या जागा कापायच्या आणि मग जोडायचं. ही युक्ती मला सरांनी शिकवली नव्हती, मी स्वतः पुस्तकातून काढली होती. केवढा अभिमान वाटला होता! कागद सरसर बाहेर आला. सरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "काही नंबर चारच आकडी कसे?"

खरंच की! बहुतेक नंबर पाच आकडी, पण मधूनच एखादा चार आकडी. वही माझ्या डाव्या हाताला, कपाटावर होती. उठून ती घेतली असती, चार आकडी नंबर एकेक करून ताडून पाहिले असते, तर फार तर एक दुपार गेली असती. मी उठले नाही. का नाही उठले? यावर मी पुष्कळ विचार केलाय. आळस नव्हता, मी दिवसदिवस त्या खुर्चीवरून हलायची नाही. मला वाटतं, मला वहीचा कमीपणा वाटत होता. कॉम्प्युटरने केलेलं काम म्हाताऱ्याच्या वहीवरून दुरुस्त करायचं? मग कॉम्प्युटर कशाला? मी आणखी एक ओळ लिहिली — जो नंबर पाच आकड्यांपेक्षा कमी असेल, त्याला शून्य लावून पाच पुरे कर.

शून्य लावलं ते उजवीकडे.

डावीकडे लावायचं हे सुचलंच नाही. शून्य जोडायचं म्हणजे शेवटी जोडायचं, असंच डोक्यात होतं. दुकानाचा नंबर ०४५ होता, तो झाला ४५०. पहिले दोन आकडे मी इथे सांगत नाही, तुम्ही उगाच फिरवून बघाल. सगळे नंबर पाच आकडी झाले, रकाने सरळ रेषेत आले. सर म्हणाले, "शाब्बास!" पुस्तिका छापून मुंबईला गेली.

तुम्ही म्हणाल, चुकीचा नंबर लागला तर लगेच कळायला हवं होतं. मलाही पुढे हेच कुतूहल वाटलं होतं. पण गंमत बघा — ४५० हा नंबर त्याच एक्स्चेंजवरच्या दुसऱ्या एका गावच्या पिठाच्या गिरणीचा निघाला. गिरणी चालू असली की कानात बोळे घातल्यासारखं व्हायचं. फोन वाजायचा, गिरणीवाला उचलायचा, पलीकडून कुणी तरी घाईघाईने वाडीचं नाव आणि निरोप सांगायचं, हा ओरडायचा, "बरं, बरं!" आणि ठेवून द्यायचा. एस.टी.डी.चं मीटर पळत असताना मुंबईवाला तरी कशाला उलटतपासणी करतोय? बरं म्हणाला, म्हणजे निरोप पोचला. गिरणीवाला गावात सांगायचा म्हणे, हल्ली मुंबईची माणसं उगाच मला खुशाली कळवतात.

असे निरोप किती बुडाले असतील? मला माहीत असलेला एकच सांगते.

घाटातल्या एका वाडीतला रामा नावाचा माणूस मुंबईला कारखान्यात होता. तिथे त्याच्या पायाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. बायको त्याला जीपने घेऊन आली. वाडी रस्त्यापासून तास-दीड तास वर, वाट उभी चढणीची, तेव्हा आजारी माणसाला डोलीतून न्यायचं हीच रीत. वाडीतली चार माणसं डोली घेऊन खाली येतात आणि आलटूनपालटून खांदा देत वर नेतात. रामाच्या भावाने मुंबईहून पुस्तिकेतल्या नंबरवर फोन करून ठेवला होता — गुरुवारी सकाळी डोली घेऊन रस्त्यावर या. पलीकडून "बरं, बरं" आलं होतं.

गुरुवारी सकाळी जीपवाल्याने त्यांना घाटातल्या वळणावर उतरवलं आणि तो भाड्याच्या घाईत निघून गेला. रस्त्यावर कोणी नव्हतं. येतील, म्हणून ती दोघं बसली. ऊन चढलं. बायकोला नवऱ्याला टाकून वर जाता येईना, आणि त्याला तर उठताच येईना. दुपार कलल्यावर गुरांमागे आलेल्या एका म्हातारीने त्यांना पाहिलं आणि ती वर जाऊन माणसं घेऊन आली. डोली बांधेपर्यंत आणखी वेळ. वर नेताना घाईत धक्के बसले, टाके उसवले, पुढे ते पिकले. दोन महिने रामा अंथरुणावर होता. वाचला. पण चालताना तो पाय टाकायचा तो शेवटपर्यंत जपूनच.

भाऊ मुंबईहून आला तो संतापून. खाली दुकानात जाऊन त्याने फोनवर लिहिलेला नंबर पाहिला, हातातली पुस्तिका पाहिली. डावीकडचं शून्य उजवीकडे गेलेलं. चूक लिहिणाऱ्याची, हे उघडच होतं. आणि लिहिणारा कोण, हे साऱ्या डोंगराला ठाऊक होतं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मंडळाने मोठ्या अक्षरात काकांचे आभार मानले होते. माझं नाव कुठेच नव्हतं. तेव्हा त्याचा मला राग आला होता!

सेक्रेटरींचं पत्र सरांना आलं. सरांनी मला वाचून दाखवलं आणि ते बँकेत गेले. माडीवर मी एकटीच. मी तो नंबर मशीनवर काढला. वही काढली. ०४५ — पुरतं गोल शून्य, कोणाही आंधळ्याला दिसेल असं. मग ४५०. मग मी माझ्या त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या आणि एका क्षणात सगळं उलगडलं.

आणि मला आनंद झाला.

हे मला सांगायचंच होतं. भीती नाही, लाज नाही — आनंद. टाळी वाजवावी असा. कोडं सुटलं होतं ना! अगंबाई, हे असं झालं होय, असं मोठ्याने म्हणून मी हसले. लगेच नवी ओळ लिहिली: ज्यांचं पहिलं शून्य पडलंय असे सगळे नंबर दे. एकतीस निघाले. एकतीसही वहीशी ताडले, एकतीसही माझ्या तर्काप्रमाणे बरोबर चुकलेले. काय सुंदर वाटलं होतं ते! रामा उन्हात पडून होता, हे अर्ध्या तासापूर्वीच पत्रात ऐकलं होतं मी. तो त्या वेळी माझ्या मनात होता का? मी खूप आठवून पाहिलंय. नव्हता.

भीती नंतर आली, जिन्यावर सरांच्या चपला वाजल्या तेव्हा. आणि बघा, हात किती शहाणे असतात. मी विचार करायच्या आत वही माझ्या ड्रॉवरमध्ये गेली होती.

सरांनी विचारलं, काकांची वही कुठेय? मी म्हटलं, सापडत नाही, छपाईनंतर रद्दीत गेली असेल. सर म्हणाले, असू दे. ते तिथेच थांबले होते. पुढे त्यांनी काही विचारलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. ते खुर्चीत बसून रूमालाने मान पुसत होते. आणि मी आपणहून म्हणाले —

हे लिहायला मला तीन दिवस लागले. काल इथपर्यंत आले आणि भांडी घासायला उठले.

मी म्हणाले, "सर, काकांचं शून्य मला नीट लागायचंच नाही. डोळे गेलेत हो त्यांचे. मला तेव्हाच शंका आली होती."

सर हळहळले. "वय झालं," म्हणाले. संपलं. एवढ्यावरच चुकीचं खापर फुटलं, आणि ते कुणाच्या डोक्यावर, ते तुम्हाला कळलंच.

वही लपवली ती घाबरून, असं एक वेळ म्हणता येईल. पण हे वाक्य? हे कशापोटी आलं? मी ते कितीदा उलटून-पालटून पाहिलंय. ते वाक्य मी अडखळत म्हटलं नव्हतं. त्यात आवाज होता, काळजी होती, 'हो' सुद्धा होता. माझ्यात असं काही आहे, हे मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

शुद्धिपत्र मी दोन दिवसांत करून दिलं. शून्यं डावीकडे लावून एकतीस बरोबर नंबर. सरांनी विचारलं, वही नसताना कसे मिळवले? मी म्हटलं, एकेका नंबरला फोन करून खात्री केली. त्यांना ते फारच आवडलं. त्यांनी ते सेक्रेटरींना कळवलं, सेक्रेटरींनी मंडळाला.

त्या वर्षी मंडळाचा मेळावा पोलादपूरला एका शाळेच्या पटांगणात झाला. मला बोलावणं होतं. आईने तिची मोरपंखी साडी दिली. स्टेजवर माझं नाव पुकारलं, दोन शब्द बोलले गेले — आमच्या भागातली मुलगी, कॉम्प्युटर, चिकाटी. शाल दिली, श्रीफळ दिलं. मी हात जोडून उभी होते आणि तिसऱ्या रांगेत गणूकाका टाळ्या वाजवत होते.

मी खाली उतरत होते तेव्हा ते उठले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. माईकपाशी गेलेच नाहीत, जागेवरूनच बोलले. टोपी काढून हातात घेतली होती. म्हणाले, "मंडळी, माझी नजर गेली, ती मला कळली नाय. रामाला माझ्यापायी उन्हात पडावं लागलं. मी वर जाऊन त्याच्या पाया पडून आलोय. तुमची पण माफी मागतो." मग माझ्याकडे वळले. "या पोरीनं सावरलं म्हणून बरं."

नारळ माझ्या हातात होता. स्टेजच्या पायऱ्यांवर, त्यांच्यापासून दहा पावलांवर मी उभी होते. चारशे माणसांसमोर एक वाक्य बोलायचं होतं. माणसं कुजबुजत होती, कोणी तरी म्हणालं, असू दे काका, बसा. आणि तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं, ठाऊक आहे? मी बघत होते, यांनी पाठ केलेलं आहे की आपसूक बोलतायत. अशी मी. माणूस समोर सोलवटत होता आणि मला त्याचंही कुतूहल.

नंतर काय झालं, ते कानावर येत राहिलं. काकांच्या ओसरीवर येणारी माणसं कमी झाली. कोणी वाईट बोललं नाही त्यांना, उलट जपायलाच लागले. काकांना नको दाखवूस, त्यांना दिसत नाय, असं म्हणून पत्रं, अर्ज, दवाखान्याचे कागद दुसरीकडे जायला लागले. त्यांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम आहेत. काकांना ते पटलं नाही म्हणे. डॉक्टर आपलं मन राखायला बोलतोय, असं ते लोकांना सांगायचे. डोळे शाबूत असून त्यांनी वाचणं सोडलं. पेपर यायचा तो बंद केला. हे मला त्यांच्या गावच्या एका विद्यार्थिनीने सांगितलं, अगदी सहज, टायपिंग करता करता. मी तिला म्हटलं, समास नीट सोड.

ती वही माझ्याकडे आहे. जपून ठेवली, असं म्हणणार नाही. जाळायला बंबापर्यंत नेली होती दोनदा. फेकवली नाही, एवढंच. नवऱ्याला वाटतं, ती माझ्या वडिलांची आहे.

काकांना सांगायची संधी मिळाली नाही, असंही नाही. पोलादपूर महाडपासून कितीसं लांब? वर्षातून चारदा मी त्यांच्या गावावरून जायचे. त्या फाट्यावर गाडी थांबायची, दोन माणसं उतरायची, गाडी सुटायची. दरवेळी मी म्हणायचे, आज नाही. आज हातात सामान आहे, आज मूल बरोबर आहे. चांगली सात-आठ वर्षं.

मग एका दुपारी तेच आले. क्लास तेव्हा मीच चालवत होते. त्यांना जिना चढताना मी वरून पाहिलं — एकेक पायरी, भिंतीला हात. आले, बसले, पाणी प्यायले. त्यांच्या मुलीला तिच्या नवऱ्याने मोबाईल घेऊन दिला होता, ती सुरतेला होती. तिने नंबर सांगितला होता, शेजाऱ्याने तो एका चिठ्ठीवर उतरवून दिला होता. काकांनी खिशातून ती चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर धरली. मोठ्या आकड्यांत स्वच्छ लिहिलेला नंबर होता.

"हे चांगल्या कागदावर लिहून दे गो," ते म्हणाले. "ही चिठ्ठी काय टिकायची नाय. मी घरी उतरवून ठेवलाय, पण माझ्या लिहिण्याचा काय भरवसा. भलतीकडं लागंल आणि पोरगी आपली वाट बघंल."

माडीवर आम्ही दोघंच होतो. पंखा बंद होता. खाली कोणी तरी कापड फाडत होतं, तेवढाच आवाज. मी कोरा कागद घेतला आणि दहा आकडे लिहिले. त्यांनी सांगितलं, एकदा वाचून दाखव. मी वाचले. ते म्हणाले, आणखी एकदा. मी एकेक आकडा बोट ठेवून पुन्हा वाचला आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. डोळे मिटून! मग कागदाची घडी घातली, टोपीच्या आत ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले.

"म्हणून मुद्दाम तुझ्याकडं आलो," ते म्हणाले. "तुझं चुकत नाय."

मी म्हटलं, "नाही काका."

ते जिना उतरून गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही, आणि आता होणारही नाही.